विजेच्या चुलीला इस्तू नाय

बसा. असे कंदिलाजवळ सरकून बसा. हसताय कशाला? मुंबईतल्या शंभर घरांत विजेचे दिवे लावलेला हा बाबाजी पडवळ स्वतःच्या खोलीत कंदील लावून बसतो, याची अख्ख्या चाळीला गंमत वाटते, मला ठाऊक आहे. परवा तुमच्या घरातून विचारणा झालीच ना, की पडवळ मिस्त्री रोज तिन्हीसांजेला खोली सोडून गॅलरीत का येऊन उभे राहतात? आज आपणहून आला आहात तर सांगतो. मात्र मधेच उठायचं नाही. गोष्ट संपली म्हणून लगेचही उठायचं नाही. कबूल? मग ऐका.

पाच-सहा वर्षं झाली असतील. मी तेव्हा गिरगावात एका विजेच्या सामानाच्या दुकानात मिस्त्री होतो. एक दिवस दुकानावर तक्रार आली. खालापूरकडे आम्ही एक विलायती विजेची चूल बसवली होती, तिच्यातून घाण वास येतो म्हणे. शेट म्हणाले, पडवळ, जाऊन ये. मी पेटी उचलली आणि निघालो. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, आमचं काय!

वासाच्या तक्रारी म्हणजे माझ्या हातचा मळ. नवी चूल पहिल्यांदा तापली की लोखंडाला चोपडलेलं तेल जळतं, त्याचा एक वास. दूध उतू जाऊन तव्याखाली गेलं तर त्याचा दुसरा. वायरीचं रबर जळायला लागलं की जो वास डोक्यात जातो, तो आला की आधी मेन स्विच बंद करायचा आणि मग बोलायचं. आणि सगळ्यात जास्त वेळा काय, तर आत शिरून मेलेलं झुरळ. घरातली माणसं नाकाला पदर लावून उभी असायची आणि मी चिमट्यात झुरळ धरून त्यांना दाखवायचो. मला तेव्हा भारी मजा वाटायची.

कर्जतला उतरलो. श्रावण सरत आला होता. साहेबांनी लॉरी पाठवली होती, तिच्यात बसून कुंभिवलीच्या पुढे गेलो. डोंगराच्या पायथ्याशी, भातखाचरांच्या वर, एकच एक कौलारू बंगला. शेजार म्हणाल तर मागच्या उतारावर एक वाडी, दहा-बारा झोपड्यांची. बाकी पाऊस, झाडं, आणि डोंगरावरून येणाऱ्या विजेच्या तारा. त्या तारांचा सारखा गुंऽऽऽ असा आवाज चालायचा. घरात पाऊल टाकलं तेव्हाच मनात आलं, इथं माणसाला माणूस दिसायचं नाही. बाईमाणसानं दिवस काढायचे तरी कसे?

साहेबांचं नाव गुप्ते. इंजिनियर. घाटावरच्या तलावाचं काम बघायचे. शांत, व्यवस्थित माणूस, आवाज कधी चढायचा नाही. मला स्वयंपाकघरात नेऊन त्यांनी ती चूल दाखवली. पांढरं एनॅमल, वर दोन तवे, खाली भट्टी. म्हणाले, "घरोघरी मातीच्या चुली म्हणतात, मिस्त्री. आमच्या घरी नाही. चूल खणून काढली, न्हाणीतला बंबसुद्धा काढला. या घरात धूर म्हणून नाही."

मग मला व्हरांड्यात घेऊन गेले.

"तुम्हाला स्पष्ट सांगतो. हा वास मला कधीही आलेला नाही. ड्रायव्हरला आला नाही, माझ्या पाहुण्यांना आला नाही. फक्त हिला येतो. जेवण टाकते, रात्रभर बसून राहते. चुलीत दोष असेल तर काढा, पाहिजे तर चूल बदला. पण दोष नसेल, तर तो हिच्या डोक्यात आहे असं मला धरावं लागेल. रविवारी हिचा भाऊ येतोय. तो हिला ठाण्याला घेऊन जाईल."

ठाण्याला म्हणजे कुठे, हे तेव्हा कुणाला फोड करून सांगावं लागत नसे. वेड्यांच्या इस्पितळात. मी आपला मान हलवत उभा. आणि दाराआड बांगडी वाजली. बाईंनी सगळं ऐकलं होतं.

साहेब कामावर गेले, संध्याकाळी जेवायच्या वेळेला येतो म्हणाले. बाई चहा घेऊन आल्या. आनंदीबाई त्यांचं नाव. वय फार नव्हतं, डोळ्यांखाली मात्र काळं पडलेलं.

"घ्या मिस्त्री," त्या म्हणाल्या. "चहाला वास येत नाही."

म्हटलं बाई थट्टा करतात, म्हणजे शहाण्या आहेत. मी विचारलं, "बाईसाहेब, वास कसला येतो? करपल्याचा, रबराचा, की काही मेल्याचा?"

"ते मी सांगणार नाही."

"आँ? मग मी शोधू काय?"

"मी सांगितलं की तुमच्या नाकालाही तोच येईल. नाहीतर माझी कीव येऊन तुम्ही हो म्हणाल. मला कीव नकोय. तुम्हाला काय येतं ते तुम्ही सांगा. आणि नाहीच आलं, तर तेही सांगा." एवढं बोलून त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

मी चूल भिंतीपासून ओढली, मागचं झाकण काढलं आणि कामाला लागलो. बाजूला वाडीवरची सोमी भांडी घासत होती. म्हातारी, काटकुळी बाई. तव्याखालचं खरकटं मी खरवडून काढलं. वायर तपासली. रबर ठणठणीत होतं. मग वायर जिथं जोडतात ती पेटी उघडली, तर आत पाल. चिकटून, वाळून, अर्धी जळलेली.

"सापडला चोर!" मी ओरडलोच. चिमट्यात धरून बाईंना दाखवली. "हिचाच प्रताप. आता बघा, उद्यापासून वास येतोय का!"

त्यांना आनंद होईल असं मला वाटलं होतं. त्यांचा चेहरा उतरला.

"पालीचा वास मी ओळखते, मिस्त्री. हा तो नाही." त्या हळू बोलत होत्या. "आता तुम्ही साहेबांना सांगाल, पाल होती, काढली. तेही खूश होतील. आणि उद्या तिन्हीसांजेला मला पुन्हा वास येईल. मग मी काय करू? गप्प बसू? किती दिवस गप्प बसता येतं हो माणसाला?"

माझा स्वभाव तापट. क्षणभर मला रागच आला, की पाल काढून दाखवली, आता आणखी काय पाहिजे? पण त्यांच्या हातातली कपबशी सारखी वाजत होती. ते बघितलं आणि मी निमूट खाली बसलो.

"येतो कधी हा वास?"

"घरात मी एकटी असले की. दुसरं कुणी असलं तर नाही येत. तिन्हीसांजेला सुरू होतो. मला अंधाराची भीती वाटते म्हणून मी ऊन असतानाच सगळे दिवे लावून ठेवते. तरी येतो. उलट जास्तच येतो."

आमच्या धंद्यात एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. मिस्त्री समोर उभा राहिला की बिघाड दडून बसतो. पंखा बंद पडला म्हणून बोलवावं, तर मिस्त्रीला बघून तो गरगर फिरायला लागतो. मग एकच उपाय. गुपचूप दबा धरून बसायचं.

म्हटलं, "बाईसाहेब, आज तिन्हीसांजेला तुम्ही सोमीबरोबर तिच्या वाडीवर जाऊन बसा. घरात मी एकटा राहतो. वरून वीजच बंद करतो, फ्यूज काढून खिशात ठेवतो. चुलीत वीजच नसताना वास आला, तर तो चुलीचा नव्हे."

"आणि नाही आला तर?"

मी हत्यारं पेटीत भरायला लागलो. नाही आला तर रविवारी भाऊ येणारच होता.

सोमी मात्र लगेच उठली. "चला बाईसायेब. दिवं लागायच्या आदी मला घरी पोचायचंच असतंय." जाता जाता ती मागच्या दाराशी थांबली आणि पायरीकडे बोट दाखवून मला म्हणाली, "बाबा, आदी हितं रोज सांजच्याला खापरीत इस्तू काडून ठेवायचे. ही चूल आली तवापासून बंद झालं. इजेच्या चुलीला इस्तू नाय."

"विस्तव? कुणासाठी ठेवायचे?"

"जिला लागल तिच्यासाठी," असं म्हणून ती चालायला लागली. साहेबांनी तिला घरात असलं काही बोलायचं नाही अशी तंबी दिली होती, हे मला मागाहून कळलं.

दोघी गेल्या. मी मेन स्विच पाडला, फ्यूज काढला, रुमालात बांधून खिशात टाकला. पाट घेऊन स्वयंपाकघरात बसलो.

पाऊस थांबला होता. कौलांवरून पाणी ठिबकत होतं. माणसाचा आवाज नाही, कुत्र्याचा नाही. बाहेर तारा गुणगुणत होत्या, बेडूक ओरडत होते. खिडकीतला उजेड हळूहळू राखाडी झाला. मला वाटलं होतं बसून बिडी ओढीन आणि उठून जाईन. पण त्या घरात बसल्या बसल्या बिडी पेटवायचीच राहिली. भीतीनं नव्हे. मला माझी खोली आठवली. ही, जिथं तुम्ही बसला आहात तीच. माझी बायको जिजा मानमोडीच्या साथीत गेली. बाळंत होऊन आठवडासुद्धा झाला नव्हता. पोरही तिच्या पाठोपाठ गेलं. ती गेल्यावर त्या कोपऱ्यातली चूल मी मोडून टाकली. तेव्हापासून खानावळीत जेवतो. चूल कुणासाठी पेटवायची सांगा? घर म्हणजे रात्री पाठ टेकायची जागा झाली. त्या परक्या स्वयंपाकघरात मला हे सगळं आठवत होतं आणि उठून जावंसंही वाटत नव्हतं.

तेवढ्यात वास आला.

आधी वाटलं बाहेरून येतोय. धुराचा होता, पण लाकडाच्या नव्हे. ओली शेणी धुमसायला लागली की येतो तसा. डोळ्यांना झोंबणारा, घशाला चिकटणारा. मी उठून खिडकी लावली. वास वाढला. नाक लावत लावत चुलीपर्यंत गेलो. तवा बर्फासारखा गार. वीज नाही, मेन बंद, फ्यूज माझ्या खिशात. आणि वास त्या भट्टीतूनच येत होता.

मग त्या धुरात दुसरा वास मिसळला. तो मी लगेच ओळखला. ओवा. शेपा. लसणाची सालं. निखाऱ्यावर टाकलेली. बाळंतिणीच्या खोलीत पोराला धुरी देतात ना, तो वास! किती वर्षांनी माझ्या नाकात गेला होता. जिजाच्या खाटेखाली माझ्या आईनं याच वासाची शेगडी सरकवली होती. मी तिथंच चुलीला धरून उभा राहिलो आणि माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. धुरानं म्हणा, कशानं म्हणा.

आणि मग ऐकू आलं...

फू... फू... फू...

भट्टीच्या तोंडाशी कुणीतरी फुंकत होतं. बायका चुलीत वाकून फुंकतात तशी फुंकर. दमून थांबायची. पुन्हा फू... मग खोकल्याची उबळ. मग अगदी माझ्या गुडघ्याजवळ कुणीतरी पुटपुटलं, "वली हाय... पेटत नाय..."

माझी पाचावर धारण बसली. फुंकर थांबली. वास जरा सरकला. मागच्या दारात, पायरीवर, काहीतरी घासलं. दगडावर खापर घासल्यासारखं.

"बाय... इस्तू द्या गं..."

लहानपणापासून ऐकलेलं, तिन्हीसांजेला हाक आली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. मी तोंडावर हात दाबून धरला.

"बाय... नाय का घरात? ..." थोडा वेळ गेला. "बाबा... तुज्यापाशी हाय का रं इस्तू?"

मी घरात आहे हे तिला कळलं होतं!

"पोर गार पडतंय रं..."

खरं सांगू? त्या आवाजात भीती घालण्यासारखं काहीच नव्हतं. घाई होती. कुठल्याही शेजारणीच्या आवाजात असते ना, पोराला एकटं टाकून आले म्हणून, तसली घाई. आणि 'गार पडतंय' म्हटल्यावर मला राहवलं नाही हो. माझं पोर माझ्याच हातांत गार पडलं होतं. मी तोंडावरचा हात काढला आणि बोललो.

"थांब. देतो."

माझ्या पेटीत झाळकामाची लहान शेगडी असायची, कैया, म्हणजे वायरींना डाग द्यायचं हत्यार, तापवायला, आणि पिशवीत मूठभर लोणारी कोळसे. काड्या ओल्या, एक काडी मोडली, दुसरी विझली. बाहेर चूपचाप. ती थांबली होती. शेवटी कोळसे पेटले. चांगले लाल होईपर्यंत मी फुंकत बसलो, आणि मी फुंकत असताना शेजारी आणखी कुणाची तरी फुंकर चालू होती. मी मान वळवली नाही.

सांडशीत दोन निखारे धरून मी मागचं दार वीतभर उघडलं. पायरीवर कुणी नव्हतं. एक खापरी होती. काळी, ओली, कडेला मोडलेली. तिच्यात ओल्या शेणीचा तुकडा. निखारे त्यात ठेवले तसा चर्र आवाज आला. दार लावून मी पाठ टेकून बसलो. वास आधी पायरीवर होता, मग न्हाणीच्या बाजूला गेला, मग उतारावरून वाडीकडे, आणि विरला. कुणीतरी झपाझपा चालत गेल्यासारखा. अंधार पडेपर्यंत मी तसाच बसून होतो.

आनंदीबाई आणि सोमी कंदील घेऊन आल्या. बाईंनी उंबऱ्यातूनच माझ्याकडे बघितलं.

"काय आलं, मिस्त्री? खरं सांगा."

"ओली शेणी," मी म्हणालो. "धुमसणारी. आणि त्यात ओवा, शेपा, लसणाची सालं. बाळंतिणीची धुरी."

त्या होत्या तिथं मटकन खाली बसल्या. पदर तोंडात कोंबून रडल्या. "तोच," एवढंच म्हणाल्या. मग पुन्हा, "तोच हो, तोच. मी वेडी नाही. सोमी, ऐकलंस ना? मी वेडी नाही गं..."

सोमी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मी दोघींना फुंकरेचं, हाकेचं, निखाऱ्यांचं सांगितलं; बोलता बोलता माझी जिजा, पोर, मोडलेली चूल, सगळंच सांगून टाकलं. सोमीनं पहिला प्रश्न काय विचारावा?

"दिवा लावला व्हतास, बाबा?"

"कसला दिवा! फ्यूज माझ्या खिशात आहे."

"मंग बेस झालं," असं म्हणून ती बसली आणि तिनं सांगितलं. त्या बंगल्यात आधी एक कंत्राटदार राहायचा. पावसाळ्यात झोपड्यांतल्या चुली विझायच्या, काडेपेटी परवडायची नाही, मग वाडीवरच्या बाया तिथं विस्तव मागायला यायच्या. तिच्या वाडीतली पारू अशीच एका श्रावणात आली. लेक बाळंत झालेली, शेकायला विस्तव नाही. पण यायला उशीर झाला, बंगल्यात दिवे लागले होते. दिवे लागल्यावर घरातला विस्तव बाहेर देत नाहीत, घरची लक्ष्मी जाते. आपल्याकडे कोण देतं सांगा? कंत्राटदाराच्या बायकोनं तेच केलं जे कुणीही केलं असतं. उद्या सकाळी ये म्हणाली. त्या रात्री वाडीवर लेक आणि तिचं पोर दोघंही गार पडली. आणि पारू सकाळी तिथंच पायरीवर बसल्या जागी मेलेली सापडली, मांडीत खापरी घेऊन. तेव्हापासून त्या बाईनं नेम धरला, दिवे लागायच्या आत पायरीवर विस्तव काढून ठेवायचा. पुढच्या भाडेकऱ्यांनीही तो पाळला. गुप्तेसाहेबांनी राहायला आल्या आल्याच चूल खणली आणि नेम मोडला.

आनंदीबाई ऐकत होत्या. "आणि मी," त्या म्हणाल्या, "भीतीनं रोज ऊन असतानाच दिवे लावत होते. म्हणजे ती यायची तेव्हा..."

"रोज दिवं लागलेलंच असायचं," सोमी म्हणाली.

साहेब आले. आता सांगायचं काय? खरं सांगितलं असतं तर वेड्यांच्या इस्पितळात आम्हा दोघांची जागा धरली असती त्यांनी. मी सरळ खोटं बोललो. छाती पुढे काढून म्हटलं, "साहेब, चूल धोक्याची आहे. आतलं जोडकाम जळतंय. वास कुणाला येईल, कुणाला येणार नाही, पण मला आला, या नाकानं. उद्या बाईसाहेबांना शॉक बसला तर मी जबाबदार नाही. ही मी परत नेतो, तुम्ही मातीची चूल घाला."

साहेब चुलीपाशी जाऊन वाकले. "म्हणजे वास खरंच येत होता?"

"येत होता, साहेब."

यंत्राचा दोष त्यांना पटला. त्यांनी बायकोकडे बघितलं, चष्मा काढला, पुसला. माफीबिफी मागणारा माणूस नव्हे तो. एवढंच म्हणाले, "तुझ्या भावाला उद्या तार करतो. यायची गरज नाही म्हणून." आनंदीबाईंनी मान खाली घातली आणि पानं वाढायला घेतली. त्या वाढताना मी बघत होतो, हात कापत नव्हते. दुकानात शेटनी माझी हजेरी घेतली, धडधाकट चूल परत आणली म्हणून. घेऊ द्या. मला त्याचं काहीच वाटलं नाही.

गोष्ट इथं संपली असती तर मी कशाला तुम्हाला बसवून ठेवलं असतं?

त्या दिवाळीत गुप्ते नवराबायको दुकानात आले, दिव्याची हंडी घ्यायला. बाई चांगल्या भरल्या होत्या, हसत होत्या. साहेब शेटशी बोलत असताना मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "रोज दिवे लागायच्या आत खापरीत विस्तव ठेवते. वास येत नाही. सगळं छान आहे, मिस्त्री." मग घुटमळल्या. "एकदा मी मागच्या दारी एकटीच होते. तिनं विचारलं..."

"काय विचारलं?"

"'त्या बाबाच्या घरात चूल का नाय गं?' असं. मी घाबरले. मला काही सुचेना. मी सांगून टाकलं, त्यांची बायको गेली, पोर गेलं, मुंबईत एकटेच असतात. त्या दिवशी तुम्हीच मला सांगितलं होतंत ना... माझं काही चुकलं का हो?"

"छे, छे. खरं तेच सांगितलंत," मी म्हणालो. माझी बोटं मात्र हंडीच्या साखळीवर गार पडली होती.

त्या आठवड्यात, अशीच तिन्हीसांजेची वेळ. मी कामावरून येऊन कुलूप काढलं आणि उंबऱ्यावर काळं काही दिसलं. खापरी. कडेला मोडलेली. आत एक निखारा, राखेखाली जपून आणलेला. खालापूर कुठे, आपलं हे परळ कुठे!

घेतलं त्याची परतफेड करायची, शेजारधर्म पाळायचा. तिच्या दृष्टीनं तिचं काहीच चुकत नाही. मी तो निखारा नळाखाली विझवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग मी विजेचे दिवे काढून टाकले, म्हटलं निदान दिवे बघून तिला नाकारल्यासारखं वाटू नये. हा कंदीलही तिन्हीसांज टळल्यावरच लावतो. तरी निखारा रोज येतो. घरात मी एकटा असलो की येतो. म्हणून मी गॅलरीत येऊन उभा राहतो, चार माणसांत. तुमची पोरं खेळत असतात, बरं वाटतं.

पण परवा पाऊस होता, गॅलरीत कुणी नव्हतं. मी आत आलो. ओव्याचा वास खोलीभर पसरला होता. आणि त्या तिथं, त्या कोपऱ्यात, जिथं जिजाची चूल होती, माती उकरलेली जागा अजून दिसते बघा... तिथून फुंकर ऐकू येत होती. फू... फू... सावकाश. त्या खापरीवालीची नव्हे. तिची मी ओळखतो, ती घाईत असते, तिला खोकला येतो. ही दुसरीच होती. मधे थांबून बांगड्या मागे सारायची. आमच्या जिजाला तशी सवय होती.

आता तुम्हीच सांगा, मी दार लावून घ्यायचं, की तिथं चूल मांडायची?

अहो... निघालात कुठे? बसा हो. कंदील मोठा करतो. तुम्ही आहात तोवर काही वास येणार नाही, मी सांगतो ना! बरं, जायचंच असेल तर जा. जाताना तेवढं उंबऱ्याशी वाकून त्या खापरीला हात लावून बघा. आज सकाळी मी ती घासून, पुसून पालथी घातली होती, तेव्हा गार होती.

कोमट आहे ना?